बांगडीची जखम

कामरगावाहून धनजच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर भाजीपाल्याच्या वाड्या सुरू होतात. त्यांतली विहिरीला लागून असलेली दीड एकराची वाडी चंपतची. पाणी चंपत द्यायचा. निंदण, तोडणी, जुड्या बांधणं आणि बाजारात बसणं हे त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं काम. मेथी, पालक, मुळा, गाजर आणि उन्हाळ्यात वांगी. तीस वर्षं हेच चाललं होतं आणि एवढ्यावरून पंचफुलाला आसपासच्या गावांत कोणी ओळखलं नसतं. तिची ओळख होती ती तिच्या उजव्या हातामुळे.

हात लांब होता आणि मनगट इतकं बारीक, की बांगड्या भरणारी कासारीण दरवेळी म्हणायची, हिच्यासाठी पोरीच्या मापाच्या बांगड्या आणाव्या लागतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घरच्या गाईच्या घशात गाजर अडकलं. सासऱ्यानं हात घालून पाहिला, पण तो मनगटाशीच अडला. गाईचं पोट फुगत चाललं होतं. तेव्हा पंचफुला पुढे झाली. कोपरापर्यंत गोडंतेल चोळलं, सासऱ्याला गाईची जीभ एका बाजूला ओढून धरायला सांगितली, टाळूच्या कडेकडेनं हात आत सरकवला आणि गाजर दोन बोटांत धरून बाहेर काढलं. गाईनं ढेकर दिली आणि पुढच्या क्षणी चारा ओढायला लागली.

त्या दिवसापासून जनावराच्या घशात काही अडकलं की लोक पंचफुलाकडे धावत. मुळ्याचा बुडखा, रताळं, कैरी, आंब्याची कोय, एकदा तर चपलेचा अंगठा. किती जनावरं वाचली ते तिनं कधी मोजलं नाही. तिचा हात कधी रिकामा निघाला नाही एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. याबद्दल ती काही घेत नसे. मालकीण कुंकू लावायची, नारळ द्यायची, तेवढ्यानं तिचं मन भरायचं.

सासूनं पहिल्याच वेळी एक गोष्ट बजावली होती. नवरा जिवंत असताना बाईनं हात उघडा करू नये, जनावरासाठीही नाही. म्हणून पंचफुला बांगड्या कधी काढत नसे. त्या कोपराशी घट्ट बसेपर्यंत वर सरकवायच्या आणि वर चिंधी गुंडाळून गाठ मारायची, ही तिची रीत. सासू जाऊन अकरा वर्षं झाली तरी रीत तीच होती.

पौषातल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, तांड्यावरचा भाऊसिंग वाडीत आला. त्याची म्हैस नऊ दिवसांपूर्वी व्यायली होती. पहिलं रेडकू, भरपूर चीक. तांड्यात आणि गावात मिळून पंचवीस-तीस घरी त्यानं चिकाचं दूध वाटलं होतं. चंपतनं त्याचा खरवस वाटी चाटूनपुसून खाल्ला. पंचफुलानं आपला वाटा लेकीसाठी, राधिकासाठी ठेवला होता. राधिका आली नाही, खरवस आंबला आणि तिनं तो उकिरड्यावर टाकला.

भाऊसिंग म्हणाला, "वयनी, म्हशीच्या घशात कायतरी अटकलं. सकायपासून लाळ गळून राह्यली, पाणी नाही, चारा नाही. आवाजबी बसला तिचा."

पंचफुला लगेच निघाली. तांड्यावर पोचल्यावर तिला म्हैस जरा वेगळीच वाटली. डोळे ताठ, मान लांबवलेली, घोगरा आवाज. पण घशात अडकलेलं जनावर असंच करतं. भाऊसिंगनं शिंगं बांधली आणि जीभ ओढून धरली. पंचफुलानं तेल लावलं, बांगड्या वर सरकवल्या, चिंधी बांधली आणि हात आत घातला. घसा मोकळा होता. तिला विश्वास बसेना. बोटं आणखी आत नेऊन तिनं चाचपलं. तिथंही काही नव्हतं.

दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा म्हशीनं जोरात हिसडा दिला. चिंधी सुटली, बांगड्या खाली घसरल्या आणि हात बाहेर ओढताना दोन बांगड्या फुटून काच कोपरापासून तीन बोटं खाली हातात घुसली. रक्त आलं, फार नाही. लाळेनं माखलेला हात तिनं पदराला पुसला, काचेचा तुकडा उपटून काढला आणि भाऊसिंगच्या बायकोनं दिलेली हळद जखमेवर दाबली.

जखमेचं तिला काही वाटलं नाही. हात रिकामा निघाला, हे लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

निघताना ती भाऊसिंगला म्हणाली, गावात हे सांगू नको. त्यानं मान हलवली. चंपतला तिनं सांगितलं, बांगड्या विहिरीच्या काठावर फुटल्या. कासारणीकडून लगेच नव्या भरून घेतल्या.

शुक्रवारी सकाळी म्हैस खुंट्यावर डोकं आपटत मेली. तालुक्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दोन-तीनच प्रश्न विचारले आणि त्यांचा चेहरा बदलला. महिन्यापूर्वी नाल्याजवळ एक तांबडं कुत्रं म्हशीच्या मागच्या पायाला चावलं होतं, हे भाऊसिंगच्या तेव्हा कुठे आठवणीत आलं. म्हैस पिसाळली होती.

बातमी दुपारपर्यंत वाडीत आली. पंचफुला मेथी उपटत होती, ती तशीच बांधावर बसली. पिसाळणं म्हणजे काय हे गावात बाकीच्यांनी ऐकलं होतं. तिनं पाहिलं होतं.

तिचं माहेर मंगरूळपीरकडचं. थोरली बहीण रुपा अकरा वर्षांची आणि पंचफुला नऊ वर्षांची असताना ज्येष्ठात रुपाच्या घोट्याला कुत्रं चावलं. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता. इंजेक्शनं अकोल्याला मिळायची, आणि तीही पोटात, रोज एक अशी चौदा. बाप तिला घेऊन अकोल्याला एका सोयऱ्याकडे राहिला. पाच इंजेक्शनं झाली. पोट टम्म सुजलं, रुपा हात लावू देईना. सहाव्या दिवशी ती पळाली आणि दुपारभर कुठल्याशा गोदामात पोत्यांमागे लपून बसली. तिकडे पाऊस लागला होता, पेरणी खोळंबली होती, आणि घोट्याची जखम तर भरून आली होती. बाप पोरीला घेऊन परत आला. म्हणाला, पाच काय अन् चौदा काय, औषध तर तेच आहे.

कार्तिकात भरलेली जखम खाजायला लागली. पोर रात्रंदिवस घोटा खाजवायची. मग पाण्याचा तांब्या पाहिला की तिचा घसा आवळायचा, दाराची फट उघडली तरी वाऱ्यानं ती किंचाळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी, गोठ्यात खाटेला बांधलेली रुपा गेली. पंचफुला दाराआडून पाहत होती. शेवटी रुपा तहानेनं पाणी मागत होती आणि पाणी जवळ नेलं की लाथा झाडत होती.

हे सगळं आठवूनही पंचफुलानं आपल्या हाताकडे पाहिलं नाही. तिच्या मनात ते दुखणं दातातून येत होतं. रुपाला दात लागला होता. हिला काच लागली होती, तीही स्वतःच्या बांगडीची.

शनिवारी आरोग्य केंद्रासमोर जत्रा भरली. ज्यानं ज्यानं चीक खाल्ला तो आला, ज्यानं नुसता वास घेतला तोही आला. केंद्रातली सिस्टर धम्मदीपा ही तशी नवी, कारंज्याहून रोज येणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. ती आणि डॉक्टर दोघंही घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते, की उकळलेल्या दुधातून काही होत नाही, खरवस तर वाफेवर शिजतो, लस खरी गरज असणाऱ्यांसाठी ठेवू. कोणी ऐकेना. एकानं धम्मदीपाला विचारलं, सिस्टर, तुमी खाल्ला असता तर? तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग भांडण नको म्हणून टोचायला सुरुवात केली.

पंचफुला चंपतबरोबर आली होती. धम्मदीपा प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारत होती: दूध पिलं का, आणि म्हैस चावली का. चंपतनं खरवसाचं सांगितलं आणि दंड पुढे केला. मग तिनं पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुला म्हणाली, मी चाखलाबी नाही, अन् मले चावलीबी नाही. दोन्ही खरं होतं. हातावर नव्या बांगड्या होत्या आणि पदर कोपराखालपर्यंत ओढलेला होता. रांगेत चार माणसं मागे भाऊसिंग उभा होता. त्यानं मालक म्हणून कच्चं दूधही प्यायलं होतं, त्यानं इंजेक्शन घेतलं. पंचफुलाकडे त्यानं एकदा पाहिलं. गावात सांगू नको असं तिनंच बजावलं होतं, म्हणून तो बोलला नाही.

दुपारी तीन वाजता लस संपली. सव्वाशे माणसांना टोचून झालं होतं.

एकोणिसाव्या दिवशी पंचफुलाचा हात खाजायला लागला.

जखम केव्हाच भरली होती, नुसता एक गुलाबी वण उरला होता. मेथी तोडताना दवानं ओला झालेला हात तिनं सहज खाजवला आणि बोटं जागच्या जागी थांबली. वणाखाली मुंग्या आल्यासारखं होत होतं. तिनं हात पदरात गुंडाळला. दुपारी पुन्हा खाज आली. भाकरी थापतानाही आली.

दुसऱ्या दिवशी चंपत मोटार चालू करायला गेल्यावर ती विहिरीपाशी गेली. ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळीकडे पाहत राहिली. मग झटकन प्याली आणि आजूबाजूला कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून वळून पाहिलं. अर्ध्या तासानं पुन्हा प्याली. संध्याकाळपर्यंत तिनं असं कितीदा केलं कुणास ठाऊक. पोटात पाणी डुचमळत होतं आणि तरी तिला खात्री वाटत नव्हती. घोट जरा हळू उतरला की ती तिथेच थिजायची. रुपाचंही आधी असंच झालं होतं का? आठवत नव्हतं. ती नऊ वर्षांची होती, तिनं शेवट पाहिला होता; सुरुवात कोणी पाहिली होती?

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती आरोग्य केंद्राच्या पायरीवर जाऊन बसली. धम्मदीपा नऊला आली. आत गेल्यावर पंचफुलानं दार लोटून घेतलं.

"सिस्टर, बांगडी लागली तर त्याचं काही होत नाही नं?"

"कसली बांगडी, काकू?"

मग सगळं बाहेर आलं. भाऊसिंगनं बोलावलं ते, दोनदा हात घातला ते, चिंधी सुटली ते. पंचफुला सांगत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, दात नाई लागला, दात नाई लागला. धम्मदीपानं वण पाहिला. तिच्या ओठांचा रंग उडाला.

"काकू, त्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"चावली का म्हणून इचारलं. चावली नोती."

"दात लागायची गरज नसते हो. लाळ उघड्या जखमेला लागली की झालं. मग जखम काचेची असो का कशाची."

तिनं पंचफुलाला ओढतच नळापाशी नेलं. साबण लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटं तो वण धूत राहिली. एकवीस दिवसांनी धुऊन काय उपयोग, हे तिला ठाऊक होतं. पंचफुलालाही तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग धम्मदीपानं फ्रिज उघडला, जसा काही त्यात काही उरलेलं असेल. मागणी केली होती, माल आला नव्हता. तिनं दोन ठिकाणी फोन लावला. जखमेत टोचायचं सिरम तर इथे कधी नसतंच. तिनं कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता वाशीमला जा, उद्यावर टाकू नका.

पंचफुला दारात थांबली. "त्या सव्वाशे सुयांतली एक राह्यली असती तर," ती म्हणाली आणि चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. धम्मदीपानं मान खाली घातली.

चंपतला वाडीच्या बांधावरच सांगावं लागलं. तो ऐकत होता आणि हातातली नळी तशीच धरून उभा होता, पाणी एकाच वाफ्यात जात होतं, वाफा फुटला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्यानं विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"हात रिकामा निंगला होता," ती म्हणाली.

त्यानं नळी खाली टाकली. पाय धुवायलाही न थांबता चिखलाच्या पायांनी निघाला.

जीपनं कामरगाव, तिथून बसनं कारंजा, कारंज्याहून वाशीम. मंगरूळपीर मागे पडताना पंचफुलानं माहेरच्या वाटेकडे पाहिलं नाही. ती चंपतला म्हणाली, खिडकी उघडा. थंडी होती, पुढची माणसं कुरकुरली. वारा तोंडावर आला. ती डोळे उघडे ठेवून त्या वाऱ्यात बसली, घसा आवळतो का त्याची वाट पाहत. चंपतला आधी कळलं नाही. मग रुपाची गोष्ट त्याला आठवली असावी, कारण त्यानं स्वतःचं उपरणं काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकी आणखी सरकवली.

दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी धम्मदीपाची चिठ्ठी दोनदा वाचली. तारखा विचारल्या, वण चेपून पाहिला, ताप पाहिला. मग शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि स्टीलचा पेला पंचफुलापुढे ठेवला.

"प्या, मावशी. सावकाश."

पंचफुलानं पेला उचलला. कालपासून ती एकटी पाणी पीत होती. आता समोर कोणी पाहत होतं. पेला ओठांशी नेला, पाणी तोंडात घेतलं, आणि ते आतच राहिलं. घसा उघडेना. तिच्या डोळ्यांसमोर गोठ्यातली खाट होती. चंपत उभा होता तो खाली बसला, फरशीवरच. डॉक्टरीणबाई नुसत्या पाहत राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी तोंडात कोमट झालं. मग ते उतरलं. तिनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, पेला रिकामा केला आणि उपडा धरून दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. आज लस आणि सिरम दोन्ही देऊ म्हणाल्या. जखम भरली असली तरी सिरम त्याच जागी, वणाभोवती टोचायचं.

पंचफुलानं विचारलं, "खाज कायची आहे, बाई?"

"जखम भरतानाही खाज येते. आणि त्या रोगाची सुरुवातही तशीच होते. आज मला त्यातला फरक सांगता येणार नाही. खोटं कशाला सांगू."

तिथल्या सिस्टरनं सुई भरली आणि बांगड्या काढायला सांगितलं. वर सरकवलेल्या बांगड्या जिथं अडायच्या तिथंच वण होता, सरकवून भागणार नव्हतं. पंचफुलाचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला आणि तिथंच राहिला. सिस्टर म्हणाली, बाई, वेळ जातोय. पंचफुला चंपतकडे पाहू लागली.

"मी जिता हाये नं," चंपत म्हणाला. "काढ."

तरी तिच्यानं होईना. मग तोच उठला. तिच्या हाताची बोटं त्यानं मुठीत धरून दाबली आणि कासारीण करते तशी एकेक बांगडी ओढून काढली. सहा निघाल्या, सातवी फुटली. त्यानं ती काच स्वतःच्या खिशात टाकली. सिरमाच्या सुया वणाभोवती जाताना पंचफुलानं हूं की चूं केलं नाही. तिला पोटातल्या सुया आठवत होत्या, दुसऱ्या कोणाच्या तरी पोटातल्या.

टोचून झाल्यावर तिला तासभर बाकावर बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई मधूनच पाहायला आल्या. तिनं विचारलं, ही सुई निघाली कवा? बाईंनी सांगितलं, एकशे चाळीस वर्षं झाली. फ्रान्समध्ये एका शास्त्रज्ञानं नऊ वर्षांच्या एका मुलाला दिली, पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला चौदा ठिकाणी फोडलं होतं. त्याच्या आधी या रोगातून सहसा कोणी उठत नसे. तो मुलगा वाचला. तेव्हापासून लस सुधारत गेली, पोटातली दंडावर आली, चौदाची चारवर आली. वेळेत दिली तर ती जवळजवळ फसत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र अजूनही कोणाच्या हातात काही राहत नाही.

पंचफुला बोटांवर वर्षं मोजत होती.

"म्हंजे माह्या रुपाच्या वक्ती होती."

"कोण रुपा?"

"बहीण. अकरा वर्साची होती. मंग थे काहून गेली, बाई?"

"चौदातली किती घेतली होती?"

"पाच."

डॉक्टरीणबाईंनी कार्डावर चार तारखा लिहिल्या, प्रत्येक तारखेखाली रेघ ओढली आणि कार्ड पंचफुलाच्या नव्हे, चंपतच्या हातात दिलं. बहुतेकांना जे व्हायचं ते तीन महिन्यांत होतं, क्वचित वर्षानंही होतं, एवढं दारापर्यंत येऊन सांगितलं. लस लवकर पोचली असती तर बरं झालं असतं, हेही म्हणाल्या. किती उशीर झाला हे शरीरच सांगेल.

तिसऱ्या दिवशीचं इंजेक्शन वाशीमला झालं, सातव्या दिवशीचंही. दोन्ही वेळा वाडीत तोडणी आलेली होती आणि दोन्ही वेळा मेथी फुलावर गेली. चंपतनं तिकडे पाहिलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी केंद्रात माल आला होता. शेवटची सुई धम्मदीपानं दिली. तोवर तिनं भाऊसिंगच्या तांड्यावर आणि गावात घरोघर फिरून एकेकाला विचारलं होतं, म्हशीच्या तोंडाला, लाळेला कोणी हात लावला होता का. आणखी कोणी निघालं नाही. तिनं पंचफुलाला सांगितलं, काकू, या हातानं आता कोणत्याच जनावराच्या तोंडात जायचं नाही. पंचफुलानं मान हलवली.

खाज आठ दिवसांनी थांबली. पण पंचफुलाला त्याचा भरवसा वाटेना. ती थांबली म्हणजे गेली, का आत सरकली?

चंपतनं एक नवीन सवय लावून घेतली. रोज सकाळी पाण्याचा गिलास तोच भरून आणायचा आणि तिच्यापुढे ठेवून वळायचा, जोड्याचा पट्टा पाहायचा, विळ्याची धार पाहायची. ती प्यायची. गिलास खाली ठेवल्याचा आवाज आला की तो कामाला निघायचा. ती मुद्दाम घोट मोठ्यानं घ्यायची, त्याला ऐकू जावा म्हणून. उजव्या हातात तिनं पुन्हा बांगड्या भरल्या नाहीत. शेजारणी पाहायच्या, कुजबुजायच्या. चंपत धडधाकट बाजारात फिरत होता, म्हणून तोंडावर कोणी बोलत नसे.

चैत्रात, म्हशीच्या दिवसापासून मोजून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, सकाळी साडेदहाला हेमसिंग धावत आला. भाऊसिंगचा चुलतभाऊ. त्याचा बैल खाली बसला होता, मान ताणून लाळ गाळत होता, पोट ढोलासारखं.

"वयनी, चाल. कैरी खाल्ली असंल. झाडाखालीच होता."

पंचफुला दारात उभी होती. तिनं विचारलं, कैरी खाताना पाह्यला का? नाही. मागच्या दोन महिन्यांत कुत्रं चावलं? ठाऊक नाही, जनावर रानात असतं. पाणी पेते का? नाही, नाकातून परत येते. लाळ, ताणलेली मान, पाणी न उतरणं ही लक्षणं कैरीची होती, आणि त्या म्हशीचीही होती. तिचा उजवा हात तिनं डाव्या काखेत दाबून धरला होता.

"डॉक्टरले बलाव," ती म्हणाली.

"डॉक्टर येईपर्यंत राहीन का तो? वयनी, तुहा हात कवा रिकामा निंगत नाही."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. चंपतनं स्वतः फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावात होते, एक वाजता पोचले. बैल साडेबाराला मेला होता. डॉक्टरांनी घसा कापून पाहिला.

संध्याकाळी उजेड असतानाच हेमसिंग आला. ओट्यावर त्यानं एक कैरी ठेवली, हिरवी, लिंबापेक्षा जराशी मोठी, एका बाजूला दातांचे वळ. आला तसाच गेला. पंचफुला त्या कैरीकडे पाहत बसली. दोन बोटांत सहज आली असती.

चंपत घरात गेला आणि पाण्याचा गिलास भरून आला. त्या दिवशी त्यानं पाठ फिरवली नाही. समोर बसून तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. पंचफुलानं गिलास डाव्या हातानं उचलला. पहिला घोट गेला. दुसरा घशाशी जरा थांबला, तिनं डोळे मिटले, आणि तोही गेला. तिनं गिलास रिकामा केला आणि कैरीशेजारी ठेवला.

उद्या एकोणनव्वदावा दिवस होता.